मफीबोशेथाची जागा

शास्त्रपाठ : २ शमुवेल ४:४, ९:१-१३, १६:१-४, १९:२४-३०
सोबत वाचावे : ईयोब २:११-१३, ४२:१०-११

संडेस्कूलच्या पाठांत दावीद राजाचा क्रम आला की गल्याथ येतो, शौलाचा भाला येतो, योनाथानाची मैत्री येते. मफीबोशेथ बहुधा राहून जातो. नाव उच्चारायला कठीण. शिवाय त्याच्या गोष्टीत लढाई नाही आणि चमत्कारही नाही. "दावीदाने आपल्या मित्राच्या मुलावर दया केली" एवढे सांगून शिक्षक दहा मिनिटांत पाठ संपवितात. आम्हीही पुष्कळ वर्षे तो असाच संपवीत होतो. पुढे आमच्या मंडळीतील एका घरावर प्रसंग आला, त्या प्रसंगी आमच्या हातून एक चूक घडली, आणि त्यानंतर हा भाग आम्ही पहिल्याने नीट वाचला. ती चूक येथे सांगितल्यावाचून हा पाठ आम्हांस शिकविता येत नाही. परंतु आधी शास्त्रभाग पाहू.

गिलबोवा डोंगरावरील लढाईत शौल राजा व त्याचे तीन पुत्र पडले. ती बातमी इज्रेलाहून आली तेव्हा योनाथानाचा मुलगा पाच वर्षांचा होता. त्या काळी राजा पडला की त्याच्या घरातील मुलाबाळांचा जीव सुरक्षित नसे. दाईने मुलाला उचलले आणि ती पळत सुटली. त्या घाईत मूल तिच्या हातून पडले आणि दोन्ही पायांनी कायमचे अधू झाले. हे सारे एका वचनात आले आहे. इश्बोशेथाच्या खुनाची हकिकत चालू असता मध्येच हे वचन येते आणि पुन्हा खुनाची हकिकत पुढे चालू होते. घाईने वाचणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. एका बातमीसरशी त्या मुलाचे वडील गेले, आजोबा गेले, दोन चुलते गेले, घर गेले आणि पाय गेले.

आता दाईकडे पाहा. तिने मुलाचे वाईट चिंतले नव्हते. ती त्याचा जीव वाचवायला निघाली होती, आणि जीव वाचलाही. शास्त्र तिचे नाव सांगत नाही, तिला दोष देत नाही, आणि पुढे तिचे काय झाले हेही सांगत नाही. एकदा आमच्या वर्गात एका लहान मुलीने विचारले, "मग दाईला शिक्षा झाली का?" आम्ही "नाही" असे म्हणून पुढे गेलो. तिच्या प्रश्नावर आम्ही थांबायला हवे होते असे आता वाटते.

२०१४ च्या पावसाळ्यात आमच्या मंडळीतील दोघे भाऊ मोटारसायकलवरून खानापूरकडील आपल्या गावी निघाले होते. आई आजारी असल्याचा फोन आला होता. थोरला चालवीत होता, धाकटा मागे बसला होता. पाऊस मुसळधार, आणि आई भेटते की नाही ह्या काळजीने थोरल्याने घाई केली. एका वळणावर गाडी घसरली, समोरून ट्रक आला. थोरल्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. धाकट्याचा डावा पाय चिरडला. त्याला मिरजेला नेले. तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आईला साधा ताप होता. ती आठ दिवसांत हिंडूफिरू लागली.

पहिल्या पंधरा दिवसांत मंडळीने जे केले ते आम्ही आनंदाने सांगतो. घरी भाकरी-भाजीचे डबे पाळीपाळीने गेले. मिरजेला रोज रात्री कोणी ना कोणी उशाशी होता. रक्ताची गरज लागली तेव्हा तरुण संघाची सात मुले बेळगावहून पहाटेच्या गाडीने गेली. वर्गणी जमली. पहिले पंधरा दिवस आपल्या मंडळ्या फार चांगल्या असतात. कोणाच्या घरी मृत्यू झाला तरी हेच दिसते. दफनविधीला अंगण पुरत नाही, कडू घास चार घरांतून येतो, महिन्याच्या प्रार्थनेलाही लोक जमतात. मग वर्षाच्या प्रार्थनेपर्यंत त्या घराची पायरी कोणी चढत नाही. दुखणे मात्र सोळाव्या दिवशी सुरू होते.

धाकटा घरी आल्यावर त्याच्याकडे प्रार्थनासभा झाली. वचन सांगण्याचे काम आमच्याकडे होते. आम्ही प्रेषितांच्या कृत्यांचा तिसरा अध्याय काढला. सुंदर दरवाजापाशी बसलेला पांगळा पेत्राच्या शब्दाने उठला व उड्या मारीत मंदिरात गेला, ती गोष्ट. ज्या खोलीत एक पाय नसलेला माणूस खाटेवर पडला होता, तेथे आम्ही उड्या मारणाऱ्याची गोष्ट अर्धा तास रंगवून सांगितली. आणि शेवटी, विश्वास असेल तर देवाला काय अशक्य आहे, असेही म्हणालो. लोकांनी मोठ्याने "आमेन" म्हटले. चहा झाला. निघताना त्याची बायको दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "मास्तर, पाय काही परत आला नाही. मग आमचाच विश्वास कमी पडला म्हणायचा का?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. थोरला भाऊ तिच्या मागेच उभा होता. त्याने सर्व ऐकले होते. आमच्या लक्षात तेव्हा आले नाही, पण त्या रात्री आमच्या प्रवचनाने खरा घाव घातला तो त्याच्यावर. पाय परत येण्याची आशा आम्ही दाखविली, आणि ती फोल ठरली की उरणारा दोष कोणाच्या माथी बसणार हे त्याला आमच्याआधी कळले. पुढल्या रविवारपासून तो उपासनेला येईनासा झाला.

आम्ही ईश्वरविज्ञानाचा डिप्लोमा केला तेव्हा ईयोबाच्या पुस्तकाच्या पेपरात आम्हांस चांगले गुण होते. ईयोबाचे तिघे मित्र अलीफज, बिल्दद व सोफर हे त्याला भेटायला आले, दुरून त्याला ओळखू शकले नाहीत, मोठ्याने रडले, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले. कोणी एक शब्द बोलला नाही, कारण त्याचे दुःख फार मोठे आहे हे त्यांना दिसत होते. त्या मित्रांनी केलेले सर्वांत चांगले काम हेच. पुढे त्यांनी तोंड उघडले आणि पस्तीस अध्याय वाद चालला. हे सर्व आम्ही परीक्षेत लिहिले होते.

ज्यांनी मृत्यूचे घर पाहिले आहे त्यांना आपल्याकडील ठराविक वाक्ये पाठ असतील. "देवाला चांगलीच माणसे हवी असतात." "ह्याहून वाईट झाले असते." "रडू नका, आपण ख्रिस्ती आहोत." ह्यांतील पहिले वाक्य तर लहान मुलांसमोर कधीच उच्चारू नये. आई गेलेल्या मुलाला ते ऐकून देवाची भीतीच वाटणार, कारण त्याचे वडीलही चांगलेच आहेत. तिसऱ्या वाक्याविषयी एवढेच सांगतो की लाजराला आपण थोड्या वेळाने उठविणार आहोत हे ठाऊक असताना प्रभू येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला.

ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट आपण वाचतो तो मेंढरे आणि उंट मोजण्यासाठी. त्याआधीचे वचन पाहा (४२:११). त्याचे भाऊ, बहिणी व पूर्वीचे सर्व ओळखीचे लोक आले, त्याच्या घरी त्याच्याबरोबर जेवले, मग त्यांनी त्याचे सांत्वन केले, आणि प्रत्येकाने त्याला पैसा व सोन्याचे वळे दिले. आधी जेवण, मग सांत्वन, मग पैसा. क्रम पाहण्यासारखा आहे. हे लोक इतके दिवस कोठे होते, असा प्रश्न शास्त्र विचारीत नाही. ते उशिरा का होईना, आले.

आम्हांस यायला सात महिने लागले. आज शाळेचे काम आहे, उद्या पाऊस आहे, अशी कारणे आम्ही स्वतःला देत होतो. खरे कारण लाज हे होते. त्या सात महिन्यांत त्या घराला कोणी सांभाळले हे सांगण्यासाठी आपण पुन्हा शास्त्रभागाकडे जाऊ.

नवव्या अध्यायात मफीबोशेथ पुन्हा भेटतो तेव्हा त्याला मीखा नावाचा लहान मुलगा आहे. म्हणजे पाच वर्षांचे ते मूल आता बाप झाले आहे. मधे निदान पंधरा-एक वर्षे गेली असली पाहिजेत. इतकी वर्षे तो कोठे होता? यार्देनेच्या पलीकडे लो-दबार येथे, अम्मीएलाचा पुत्र माखीर ह्याच्या घरी. माखीर त्याचा नातलग असल्याचे शास्त्रात कोठे लिहिलेले नाही. पडलेल्या राजघराण्यातील अधू वारसाला घरात ठेवून घेणे धोक्याचे होते, आणि त्यात लाभ तर काहीच नव्हता.

ह्याच माखीराचे नाव पुढे सतराव्या अध्यायात येते (१७:२७-२९). अबशालोमापुढून पळालेला दावीद थकूनभागून महनाईमास पोहोचतो, तेव्हा त्याच्यासाठी सामान घेऊन येणाऱ्या तिघांत माखीर आहे. त्या सामानाची यादी मोठी आहे : गहू, जव, पीठ, हुरडा, शेंगा, मसूर, मध, दही, मेंढरे. पण यादीत सर्वांत आधी बिछाने आहेत. आम्हांस वाटते, हे माखीरच्या घरचे शहाणपण असावे. ज्याच्या घरात वर्षानुवर्षे अधू माणूस राहिला आहे त्याला ठाऊक असते की थकलेल्याला आधी अंग टाकायला जागा लागते. जेवण मागाहून.

आमच्या मंडळीतील माखीर म्हणजे त्या भावांच्या घरापासून दोन दारे सोडून राहणारी एक वृद्ध विधवा. तिला आम्ही सर्व आजी म्हणतो. तिला वाचता येत नाही, प्रार्थनासभेत ती कधी बोलत नाही. धाकटा पेशाने फिटर, एका कारखान्यात कामाला होता. अपघातानंतर तिसऱ्या महिन्यात आजी आपले बंद पडलेले शिवणयंत्र नातवाच्या डोक्यावर देऊन त्याच्याकडे आली. "हे बघ रे बाबा, चालतच नाही." त्याची बायको जरा रागावली. म्हणाली, "आजी, त्यांची अवस्था तुम्हांला दिसत नाही का?" आजी म्हणाली, "पाय गेलाय. हातांना काय झालंय?" यंत्र दोन दिवसांत चालू झाले. पुढल्या आठवड्यात तिने स्टोव्ह आणला, नंतर शेजारणीचा मिक्सर. आजीच्या घरात तितकी बिघडलेली यंत्रे असणे शक्य नव्हते. ती गल्लीत फिरून गोळा करीत होती हे आम्हांस मागाहून कळले. दर शनिवारी ती आंबील घेऊन जाई आणि खाटेच्या कडेला बसे. बोलणे फारसे नसे.

त्या दिवसांतील आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती न समजल्यामुळे अशा घरांना विनाकारण त्रास होतो. धाकटा रात्री ओरडून उठे आणि म्हणे की डाव्या पायाची बोटे कोणी पिळीत आहे. तो पाय तर नव्हता. घरचे घाबरले. कोणी म्हणाले, त्याच्या डोक्यावर परिणाम झाला. आणि सांगायला वाईट वाटते, पण आपल्यातल्याच एकाने दुष्टात्म्याची गोष्ट काढली. डॉक्टरांना ही वेदना चांगली ठाऊक आहे. हात किंवा पाय कापलेल्या माणसांपैकी पुष्कळांना ती होते. अवयव जातो, पण त्याच्या नसा व मेंदूतील त्याची जागा राहते आणि तेथून दुखणे येते. ती वेदना खरी असते. त्यावर औषधे आहेत. आरशासमोर बसवून चांगल्या पायाची हालचाल करून घेण्याचा एक व्यायामही आहे, त्याने कित्येकांना उतार पडतो. मृत्यूच्या घरातही असेच होते असे आम्ही पाहिले आहे. गेलेल्या माणसाचे ताट चुकून वाढले जाते, दार वाजले की त्याचीच चाहूल वाटते. अशा वेळी हसू नये, आणि "आता विसरा" असेही म्हणू नये.

आता नवव्या अध्यायातील दावीदाकडे वळू. दावीद स्वतः चौकशी करतो. योनाथानाशी केलेला करार (१ शमुवेल २०) त्याला आठवतो आणि तो विचारतो की शौलाच्या घराण्यातील कोणी उरला आहे काय. सीबा नावाचा चाकर उत्तर देतो. मुलाचे नावही न सांगता तो आधी सांगतो की तो पायांनी अधू आहे. दावीद त्यावर किती अधू, कसा अधू, काही विचारीत नाही. त्याचा पुढला प्रश्न एवढाच : तो कोठे आहे? आमच्या सात महिन्यांच्या गैरहजेरीनंतर हे वचन आम्ही वाचले तेव्हा पुस्तक मिटून बसलो.

मफीबोशेथ येतो, पालथा पडतो, स्वतःला मेलेले कुत्रे म्हणतो. दावीद त्याची समजूत घालीत बसत नाही. तो त्याच्या आजोबाची सर्व जमीन त्याच्या नावे करतो, ती कसण्यासाठी सीबा, त्याचे पंधरा पुत्र व वीस चाकर नेमून देतो, आणि आपल्या मेजावर त्याला कायमची जागा देतो. "आता माझा काय उपयोग" असे म्हणणाऱ्या माणसाला उपदेशापेक्षा सातबाऱ्याचा उतारा अधिक समजतो. आमच्या मंडळीत कचेरीतून निवृत्त झालेले एक वडील आहेत. प्रार्थनेत ते चुकतमाकत बोलतात. परंतु धाकट्याच्या मोटार अपघात भरपाईच्या दाव्याचे सर्व कागद त्यांनी जमविले, वकिलाकडे चौदा खेपा घातल्या, अपंगत्वाचा दाखला काढून दिला. ह्या चौदा खेपांना आम्ही सांत्वनाची सेवाच म्हणतो.

जखम भरून, पायाचा उरलेला भाग आवळून आल्यावरच कृत्रिम पाय बसविता येतो. त्याला काही महिने जातात. धाकट्याला पुढे जयपूर फूट मिळाला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी ह्यांनी तो आपल्या लोकांच्या चालीरीती पाहून घडविला. तो घालून उकिडवे बसता येते, अनवाणी चालता येते, चिखलात उतरता येते. तरी पाय तो पाय नव्हेच. धाकटा आजही चढावर थांबतो, आणि थंडीत त्याचे दुखणे वाढते.

येथे एका गोष्टीविषयी आमचे मत स्पष्ट लिहितो. ह्या अध्यायावरील प्रवचनांत, मेजावरील कापडाने मफीबोशेथाचे पाय झाकले गेले, तसे कृपा आपले व्यंग झाकते, असे सांगण्याची प्रथा आहे. ऐकायला गोड आहे, पण अध्यायात कापड नाही. उलट शेवटचे वचन पाहा : तो राजाच्या मेजावर नित्य जेवीत असे हे सांगून झाल्यावर, अगदी शेवटी, तो दोन्ही पायांनी अधू होता हे शास्त्र पुन्हा सांगते. झाकायचेच असते तर ते तेथे लिहिले नसते. जागा मिळाली, आणि पाय होते तसेच राहिले. दोन्ही गोष्टी एका वचनात शेजारी शेजारी आहेत.

केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी अंध स्त्रियांसाठी जे घर केले त्याचे नाव बार्तीमी सदन. शुभवर्तमानातील बार्तीमयाला दृष्टी मिळाली. केडगावच्या त्या बायांना ती मिळाली नाही. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या आणि त्यांनी त्या बायांना बोटांनी वाचायला शिकविले. तरी घराला नाव बार्तीमयाचेच दिले, आणि ते आम्हांस फार योग्य वाटते. ज्यांनी ते दिले त्या रमाबाईंना नुकसान म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये पती, आणि १९२१ मध्ये ही एकुलती एक मुलगी. पुढल्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या स्वतः प्रभूकडे गेल्या.

दुसरे उदाहरण वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीज ह्यांचे. १९५४ च्या जानेवारीत मोटार उलटून त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्या तेव्हा तरुण डॉक्टर होत्या. पुढे चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. परदेशी जाऊन पुनर्वसनाचे शास्त्र शिकल्या आणि परत येऊन वेल्लोरला त्याच कामाचा विभाग चालविला. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, १९८६ साली त्या वारल्या. अपघातानंतरची बत्तीस वर्षे त्यांच्या पायांना चालता आले नाही.

दावीदाची गोष्ट मात्र नवव्या अध्यायात संपत नाही, आणि शिक्षकांनी ती तेथे संपवू नये. अबशालोमाच्या बंडात राजा यरुशलेम सोडून पळाला तेव्हा मफीबोशेथ मागे राहिला. त्याने गाढवावर खोगीर घालायला सांगितले होते; सीबाने त्याला फसविले, आपणच सामान घेऊन राजापुढे गेला आणि चुगली केली की मफीबोशेथ राज्याची आशा धरून बसला आहे. दावीदाने विचारपूस न करता सर्व जमीन सीबाला दिली. ज्याने स्वतः शोधून मेजावर जागा दिली, त्यानेच दुसरी बाजू न ऐकता ती काढून घेतली. अधू माणसाला मागे टाकणे सोपे असते, आणि मागून त्याच्याविषयी काहीही सांगणे त्याहून सोपे. राजा परत आला तेव्हा मफीबोशेथ त्याला भेटायला गेला. राजा गेल्या दिवसापासून त्याने पाय धुतले नव्हते, दाढी केली नव्हती, कपडे धुतले नव्हते. दावीदाने निम्मी जमीन परत देऊ केली. चूक पूर्ण दुरुस्त करण्याएवढे धैर्य त्यालाही झालेले दिसत नाही. मफीबोशेथ म्हणाला की सगळीच त्याला घेऊ द्या, राजा सुखरूप परत आला हे पुरे.

सात महिन्यांनी आम्ही धाकट्याकडे गेलो तेव्हा काय बोलावे हे ठरवून गेलो होतो. तो टेबलफॅन उघडून बसला होता. "या मास्तर, हा स्क्रू जरा धरा," एवढेच तो म्हणाला. आम्ही तासभर स्क्रू धरून बसलो. क्षमा मागितली ती निघताना. तो म्हणाला, "माझं सोडा. दादाकडे जा."

शिक्षकांसाठी थोडे. हा पाठ घेताना मुलांना लंगडण्याचा अभिनय करायला लावू नये. वर्गात किंवा वर्गातील कोणाच्या घरात काय आहे हे आपल्याला नेहमी ठाऊक नसते. शब्दही जपून वापरावा. आपल्या वर्गाला कोण येऊ शकत नाही आणि का, हे मुलांनाच विचारावे. आमच्या वर्गात ह्या प्रश्नाला पाच नावे आली, त्यांतील दोन आम्हांस ठाऊक नव्हती. दुःखातून परत आलेल्या मुलाला त्याच्या नेहमीच्या जागेवर बसवावे. पहिल्याच रविवारी त्याला उभे करून त्याच्यासाठी प्रार्थना करू नये. नाताळात ज्या घरी तळण नाही तेथे फराळ पाठविण्याची आपली जुनी रीत आहे. ती मोठ्यांबरोबर मुलांकडूनही पाळली जावी. डबा मुलाच्या हाती द्यावा, आणि लगेच परत येण्याची घाई करू नकोस असे सांगावे. दाईचा प्रश्न कोणी विचारला तर त्यावर थांबावे.

थोरल्याकडे आम्ही गेलो. पहिल्या खेपेस तो घरात असून भेटला नाही. नंतर भेटू लागला. दोन वर्षांनी तो उपासनेला येऊ लागला, तेही धाकट्याला मोटारसायकलवरून आणायचे म्हणून. गाडी फार हळू चालवितो. देवळाच्या तीन पायऱ्यांशेजारी मंडळीतील एका गवंड्याने उतार बांधून दिला आहे. थोरला धाकट्याला तेथून वर घेतो आणि दोघे शेवटच्या बाकावर बसतात. धाकटा पूर्वी पुढे तबल्यावर असे. तबल्यासाठी उंच घडवंची केली आहे, गाण्यापुरता तो पुढे जातो आणि परत भावाशेजारी येऊन बसतो.

प्रभुभोजनाच्या रविवारी सर्वजण कठड्याशी जाऊन गुडघे टेकतात. धाकट्याला गुडघे टेकणे अवघड जाते, म्हणून पाळकसाहेब भाकर व प्याला घेऊन शेवटच्या बाकापर्यंत येतात. त्याला देऊन झाल्यावर ते थोरल्यासमोर थांबतात. थोरला मान खाली घालून बसून राहतो, हात पुढे करीत नाही. पाळकसाहेब थोडा वेळ तसेच उभे राहतात आणि मग परत जातात. पुढल्या महिन्यात पुन्हा येतात.